बुटाची नाडी बांधेपर्यंत थांबणारी गर्दी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका गृहस्थांचे पत्र होते. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा रॉक कॉन्सर्टची चाळीस सेकंदांची क्लिप पाहिली. काळ्या टी-शर्टातली पोरे एकमेकांना धडका देताहेत, मधोमध मोकळी जागा, भोवती शे-दीडशे जण ओरडताहेत. ही कसली संस्कृती, हे ताबडतोब बंद करा, चेंगरून पोरे मेल्यावर सरकार जागे होणार का, असा एकूण सूर. मी पेपर खाली ठेवला तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘‘उत्तर लिहिणारच आहेस, तर आधी चहा टाक.’’ चहा टाकला आणि लिहायला बसले.

पस्तीस वर्षे मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. आता निवृत्त आहे. आणि १९८८पासून मी रॉकच्या कार्यक्रमांना जाते. ही दोन्ही कामे एकच बाई करते यावर आमच्या सोसायटीतसुद्धा फारसा कुणाचा विश्वास नाही. भिशीतल्या बायका मला अजून विचारतात, ‘‘म्हणजे ते किंचाळतात ते?’’ हो, तेच.

याला कारण रंगभवन. मुंबईत धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, कामा आणि जी.टी. रुग्णालयांच्या शेजारी हे उघडे नाट्यगृह होते. त्या भागात राहून नर्सिंग शिकणाऱ्या आम्हा मुलींना संध्याकाळी खिडकी उघडली की आत काय चालले आहे ते फुकटात ऐकू यायचे. १९८६पासून तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झाले, ऑगस्टात. पोरे त्याला आय-रॉक म्हणायची. दोन वर्षे खिडकीतून ऐकल्यावर मी आणि माझी मैत्रीण शालन होस्टेलच्या वॉर्डनला मावशीचे आजारपण सांगून आत गेलो. दोघी सलवार-कमीजमध्ये, तेल लावून घातलेल्या वेण्या, हातात घडीची छत्री. आजूबाजूला सगळे केसाळ.

पहिल्या दहा मिनिटांत मागून असा लोट आला की माझे पाय जमिनीवरून सुटले. मला वाटले, संपले. तेवढ्यात मागच्या एका दाढीवाल्या पोराने दोन्ही हात पसरून आमच्या पाठीशी आडवा बांध घातला आणि अगदी गिरगावी मराठीत म्हणाला, ‘‘ताई, गुडघे ताठ ठेवू नका, सैल सोडा. लोट आला की त्याच्याबरोबर थोडं जायचं, मग परत यायचं. आणि प्रत्येक गाण्याला एकदा मागे वळून बघायचं.’’ मागे कशाला, असे शालनने विचारले. तो म्हणाला, ‘‘पुढचा पडला तर सगळ्यांना दिसतो. मागचा पडला तर कुणालाच नाही.’’

त्याचे नाव विचारायचे राहिले. पण पुढची पस्तीस-छत्तीस वर्षे मी प्रत्येक गाण्याला एकदा मागे बघते. कीर्तनातसुद्धा.

रंगभवन पुढे बंद पडले. आवाजाचे नियम आले, रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरले, आणि रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, दुसरीकडे रुग्णालये. चाहती म्हणून मला वाईट वाटले, परिचारिका म्हणून नाही. हृदयविकाराच्या रुग्णाच्या उशाशी ड्रमचे ठोके नकोच. पण एक गोष्ट त्या बंदीबरोबर गेली तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. तिथे दर वर्षी तीच माणसे यायची. जुने नव्यांना शिकवायचे. कुठे उभे राहायचे, कुणाला आधी वाट द्यायची, काय खपवून घ्यायचे नाही, हे कुठल्या फलकावर लिहिलेले नव्हते. ते खांद्याला खांदा लावूनच कळायचे.

आता त्या गृहस्थांनी पाहिलेल्या क्लिपकडे येते. त्यातल्या मोकळ्या जागेला मॉशपिट म्हणतात. पोरे गोल धावत असतील तर सर्कल पिट. आमच्या डोंबिवलीची पोरे सरळ ‘रिंगण’ म्हणतात, आणि आळंदीहून पालखीबरोबर चालत जाणाऱ्या माझ्या आत्यालाही हा शब्द ऐकून काही वावगे वाटले नव्हते. रिंगणाची कड कुणीतरी धरावी लागते, एवढे तिला लगेच कळले.

मी हे सगळ्यात जवळून पाहिले ते १७ मार्च २००७ला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर, आयर्न मेडनच्या कार्यक्रमाला. एवढा मोठा हेवी मेटल बँड त्याआधी भारतात आलाच नव्हता, त्यामुळे कुठून कुठून माणसे निघाली होती. मी शालनला घेऊन उद्यान एक्स्प्रेसने गेले. कल्याणला डब्यात सात-आठ काळे टी-शर्ट होते, पुण्याला आणखी पंधरा चढले. सोलापूरला बसलेल्या एका आजोबांनी बराच वेळ सगळ्यांकडे निरखून पाहिले आणि मला विचारले, ‘‘बाई, हे सगळे अय्यप्पाचे ना? पण शबरीमलाला या दिवसांत?’’ समोरच्या बर्थवरच्या पोराच्या छातीवर एडीचा, म्हणजे आयर्न मेडनच्या बोधचिन्हाचा, सांगाडा दात विचकत होता. मी म्हटले, ‘‘नाही आजोबा, यांचा देव वेगळा.’’ त्यांनी त्या पोराला भाकरी आणि शेंगाचटणी दिली. पोराने चिप्स दिले.

मैदानावर मी कड धरून उभी होते. बेचाळीस किलोच्या मला आत जायची हौस नव्हती, पण कडेला उभे राहणाऱ्याचेही काम असते. आतून कुणी भेलकांडत आला की त्याला हाताच्या तळव्यांनी झेलायचे आणि परत आत ढकलायचे. कोपर लावायचे नाही. कुणाला आत यायचे नसेल तर त्याला ओढायचे नाही. आत असलेल्याने हात डोक्याच्या उंचीला फिरवायचे नाहीत, कारण नाक फुटते. यात एक थोराड पोरगा मात्र मुद्दाम ठोसे मारत होता. तिसऱ्या ठोशाला चार जणांनी त्याला दोन्ही दंडांना धरून, न मारता, बाहेर आणून उभे केले. तो परत आत घुसला तेव्हा पुन्हा बाहेर आणला. तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

आणि मग ती बुटाची गोष्ट. ऐन भरात, धूळ उडते आहे, गिटार सुसाट सुटल्या आहेत, आणि मध्येच एका हातात उंच धरलेला एक पांढरा बूट दिसला. कॅनव्हासचा, डाव्या पायाचा. ज्याला सापडला तो बूट डोक्यावर धरून नुसता उभा होता. पाच-दहा सेकंदांत शेजारच्यांनी पाहिले, मग त्यांच्या शेजारच्यांनी. एका पायावर लंगडी घालत एक किडकिडीत पोरगा आला. आणि मग जे झाले ते मी कॅज्युअल्टीतसुद्धा इतक्या शिस्तीत झालेले पाहिले नाही. चार जण त्याच्याभोवती तोंडे बाहेर करून, पाठी आत करून उभे राहिले, एकमेकांच्या दंडांत दंड अडकवून. पोरगा खाली बसला, बूट घातला, नाडी बांधली. गाठ सुटली म्हणून परत बांधली. भोवती शंभर माणसे उड्या मारत होती, पण त्या दीड हाताच्या जागेत कुणाचा पाय पडला नाही. तो उठला, त्या चौघांच्या पाठीवर थाप मारली, आणि पुन्हा धडका सुरू. चाळीस सेकंदांच्या क्लिपमध्ये हे येत नाही, कारण हे कुणी काढतच नाही.

एक प्रश्न मात्र त्या गृहस्थांचा रास्त आहे. माणसे मरतात का? मरतात. पण कशाने मरतात हे कळले तर बंदी घालायची की आणखी काही करायचे, ते ठरवता येईल. लोकांना वाटते पायाखाली तुडवून. पुष्कळदा तसे नसते. माणूस उभ्या उभ्या जातो. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, बरगड्या बाहेर याव्या लागतात. चारी बाजूंनी दाब आला की सोडलेला श्वास परत घेताच येत नाही. ओरडणाऱ्याने शेवटची हवा ओरडण्यात घालवलेली असते. चेहरा जांभळट होतो, डोळे तांबारतात, अंगावर दाखवण्यासारखी जखम नसते, आणि शेजारच्याला वाटते हा नुसता टेकला आहे.

फ्रेमसकट मोठ्या कॅरम बोर्डापेक्षा जराशी मोठी जागा म्हणजे एक चौरस मीटर. त्यात चार माणसे आरामात उभी राहतात, नाचतातही. माणसांची संख्या सातच्या आसपास पोहोचली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. एका टोकाला दिलेला धक्का दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखा जातो आणि तिथे उभ्या माणसाच्या हातात काही उरत नाही. आमच्या लोकलमध्ये तर रेल्वेच्याच हिशेबाने चौरस मीटरला १४ ते १६ माणसे धरतात, मग तिथे रोज चेंगरून का मरत नाहीत, असे मला भाच्याने विचारले होते. मला वाटते डबा लहान असतो, लाट उठायला जागाच नसते, आणि तीन-चार मिनिटांत स्टेशन येते. मैदानावर स्टेशन येत नाही.

३ डिसेंबर १९७९ला अमेरिकेत सिनसिनाटीला ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण जीवानिशी गेले. आधी! आत अजून कुणी वाजवायला उभेही नव्हते. जागा ठरलेल्या नव्हत्या, जो आधी पोहोचेल तो पुढे, आणि थंडीत तासन्‌तास ताटकळलेल्या हजारोंसाठी दारे उघडली मोजकीच. आतून आवाज आला, बाहेरच्यांना वाटले सुरू झाले, आणि मागचे रेटायला लागले. कार्यक्रम पार पडला आणि बँडला ही बातमी नंतर सांगितली गेली. आपल्याकडे कोचीच्या ‘कुसॅट’ विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ला चौघे गेले, तेही असेच. पाऊस आला, बाहेरची माणसे आसऱ्याला आत घुसली, पुढे उतरत्या पायऱ्या होत्या. मॉशपिटचा संबंध नाही, दारूचा नाही. आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला २३ माणसे गेली तेव्हा तर सकाळची ऑफिसची वेळ होती, पाऊस होता, अरुंद जिना होता. मांढरदेवीला २००५च्या जानेवारीत जवळजवळ तीनशे भाविक गेले. तेव्हा संस्कृतीचा प्रश्न कुणी काढला नव्हता, आणि काढायचे कारणही नव्हते.

रॉकच्या मैदानावरही माणसे गेली आहेत, ते झाकून मी लिहिणार नाही. डेन्मार्कच्या रॉस्किल्डे महोत्सवात ३० जून २०००ला पर्ल जॅम वाजवत असताना ९ तरुण गेले. पावसाने चिखल झालेला, पुढचे घसरून पडले, मागच्यांना पत्ता नाही. गायकाने वाजवणे थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितले, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर तिथे स्टेजसमोर मोजक्या माणसांचे वेगळे कप्पे केले, म्हणजे मागच्या पन्नास हजारांचे वजन पुढच्या पाचशेंवर येत नाही. महोत्सव आजही भरतो. बंदी घातली नाही, कठडे हलवले.

उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. ऑक्टोबर २०११मध्ये मेटॅलिका हा बँड येणार होता. गुडगावला २८ तारखेला लोक जमल्यावर सुरक्षेच्या कारणावरून कार्यक्रम पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. मग काही जण स्टेजवर चढले, सामान मोडले, आणि कार्यक्रम कायमचा रद्द झाला. दोनच दिवसांनी ३० तारखेला बेंगळुरूत तोच बँड, तेच टी-शर्ट, आणि कार्यक्रम झाला. गुडगावच्या मोडतोडीची मला चाहती म्हणून अजून लाज वाटते. तासन्‌तास उन्हात थांबवून, नीट काही न सांगता घरी जा म्हटल्यावर माणूस चिडतो हे खरे, पण ज्या स्पीकरमधून आपल्याला ऐकायचे तोच ढकलून द्यायचा? आमच्याही वेळी एका कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये नावडत्या बँडवर पाण्याच्या पिशव्या फेकणारे होते. बिचारा ड्रमर छत्री उघडून वाजवत होता. आम्ही तेव्हा हसलो. आता हसू येत नाही.

आता अलीकडची गोष्ट. हिच्यामुळेच मी एवढे लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यात मी भाच्याबरोबर नवी मुंबईत एका मोठ्या कार्यक्रमाला गेले. कार्यक्रमाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी जागा ठरलेली असते. मैदानाच्या मध्यावर जिथे साउंडवाल्यांचे कन्सोल असते, त्याच्या कठड्याला पाठ लावून. आवाज तिथेच सगळ्यात चांगला, कारण तो बसवतात तिथे उभे राहून, आणि पाठीमागून लोट येत नाही. वय झाले की अक्कल येते ती अशी.

मुख्य बँडचे तिसरे गाणे चालू होते. माझ्या पुढे दोन ओळी सोडून एक मुलगी, एकोणीस-वीसची असेल, सारखी जांभया देत होती. कॅज्युअल्टीत काम केलेल्या माणसाला गर्दीत जांभई दिसली की तो आधी ओठ बघतो. ओठ पांढरे, वरच्या ओठावर घाम, मान किंचित डोलते आहे. दुपारी दोनपासून रांगेत, पाण्याची बाटली गेटवर काढून घेतलेली, आत पाण्याच्या स्टॉलपुढे ही रांग, आणि गुडघे ताठ करून तीन तास उभी. मी ओरडले, ‘‘धरा तिला!’’ ती खाली गेली.

पहिली चूक झालीच. तिच्या मित्राने तिला काखेत धरून उभीच ठेवली. चांगल्या मनाने करतात, पण घेरी आलेल्याला उभे धरून ठेवले तर रक्त मेंदूपर्यंत चढत नाही. मी पोहोचेपर्यंत तीन पोरांनी, एकाच्या केसांना हिरवा रंग, पाठी आत करून गोल धरला होता. बेंगळुरूच्या बुटासारखाच. त्यांना मी काही सांगितले नव्हते. मी तिला आडवी केली, पाय माझ्या पर्सवर आणि एकाच्या जर्किनवर उंच ठेवले, गळ्यातल्या पासचा दोर सोडला. हिरव्या केसांच्या पोराने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून खाली आमच्यावर रोखला, म्हणजे कठड्यापाशी उभ्या माणसांना कुठे यायचे ते दिसावे. अर्ध्या मिनिटात तिने डोळे उघडले आणि विचारले, ‘‘कुठलं गाणं चालू आहे?’’

हे झाले अर्धे. उरलेले अर्धे असे की आमच्या डाव्या हाताला दोघे जण मोबाइल उंच धरून रेकॉर्डिंग करत होते. मी त्यातल्या एकाला म्हटले, जरा मागे सरका, हवा येऊ द्या. तो खाली न बघताच म्हणाला, ‘‘आंटी, आवाज आ रहा है आपका वीडियो में.’’ दुसऱ्याने खाली पाहिले आणि मोबाइल खाली वळवला. मला क्षणभर बरे वाटले. तो त्या मुलीचा व्हिडिओ काढत होता. तिचा कुर्ता वर सरकलेला, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याच्या हातावर मारले. हो, मारले, आणि हे छापले तरी हरकत नाही. सातबारावरून नाव उडाल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग हिरव्या केसांचा पोरगा नुसता त्याच्याकडे वळून उभा राहिला, आणि मोबाइल खिशात गेला.

सगळा राग मोबाइलवर काढायचा नाही. मीही एखाद्या गाण्याचे अर्धे कडवे काढते, भिशीत दाखवायला. पण छातीच्या उंचीला धरते आणि परत पर्समध्ये टाकते. दोन्ही हात डोक्यावर आणि डोळे पडद्यावर, अशी शंभर माणसे एकत्र उभी राहिली की त्यातल्या कुणालाच आपल्या पायाशी काय आहे ते दिसत नाही. मागे बघायचे तर नावच नाही. ‘टूल’ हा अमेरिकी बँड शेवटचे गाणे येईपर्यंत लोकांना मोबाइल बाहेर काढू देत नाही. चाहते कुरकुरतात आणि पाळतात. वॉशिंग्टनचा ‘फुगाझी’ तर याच्याही पुढे होता. पुढे कुणी दांडगाई करताना दिसला की गाणे थांबवायचे, त्याला नावानिशी नाही पण बोट दाखवून बोलवायचे, आणि तिकिटाचे पाच डॉलर हातात ठेवून घरी पाठवायचे. हे मला भाच्याने सांगितले तेव्हा मी शालनला फोन करून सांगितले. ती म्हणाली, ‘‘आपल्या ओपीडीत चालू करायला हवं होतं.’’

मुलींबद्दल लिहायलाच हवे. गर्दीचा फायदा घेणारा हात लोकलमध्ये असतो, गणपतीत असतो, इथेही असतो. फरक पाहिला तो एवढाच की जुन्या मेटलवाल्यांच्या घोळक्यात मुलगी ‘‘ए!’’ म्हणून ओरडली की दहा माना वळतात, आणि महागड्या तिकिटाच्या पुढच्या कप्प्यात, जिथे अर्धे लोक एका गाजलेल्या गाण्याची वाट बघत गप्पा छाटत असतात, तिथे एकही वळत नाही. भाचीला मी मागच्या स्वस्त तिकिटात पाठवते. तिच्या आईला वाटते मी पैसे वाचवते.

आणखी एक बाबा त्याच कार्यक्रमात भेटले. पाच वर्षांचा मुलगा खांद्यावर, कानाला काही नाही, स्पीकरच्या रांगेपासून वीस पावलांवर. मुलगा दोन्ही तळवे कानांवर दाबून बसला होता आणि बाबा खालून त्याचे पाय धरून नाचत होते. मी पर्समधून स्पंजचे इअरप्लग काढून दिले. माझ्याकडे नेहमी दोन जोड असतात, ओआरएसच्या पुड्यांच्या शेजारी. बाबा म्हणाले, ‘‘त्याला आवडतं हो हे.’’ मी म्हटले, ‘‘मग त्याचे हात कानांवर का आहेत?’’ त्यांनी वर पाहिले. तोवर त्यांनी पाहिलेच नव्हते.

आयोजकांना दोन शब्द, कारण सगळा भार पोरांच्या शहाणपणावर टाकणे बरोबर नाही. बाटली काढून घेताय ना, मग आत नळ द्या, आणि एका स्टॉलवर नको, चारी बाजूंना. कार्यक्रम दहाला संपणार हे तुम्हाला ठाऊक असते, तर मग बाहेर पडायची सगळी दारे पावणेदहालाच उघडी दिसू द्या. सुरुवातीला जाहिरातींचे पडदे अर्धा तास फिरतात, त्यात एक मिनिट काढून सांगा की कुणी पडले तर काय करायचे, आडवे कसे करायचे, मदत कुठे आहे. विमानात सांगतातच की. आणि प्रथमोपचाराचा तंबू शौचालयांच्या मागे लपवू नका. त्या मुलीला तिथवर न्यायला मला तीन जणांना विचारावे लागले, आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या.

पत्र लांबले. कात्री चालवायची असेल तर रंगभवनच्या वेण्यांवर आणि सोलापूरच्या आजोबांवर चालवावी. बुटाची नाडी तेवढी राहू द्या.

आणि त्या पत्रलेखक गृहस्थांना निरोप. पुढच्या महिन्यात पुण्याला एक कार्यक्रम आहे. शालनचा गुडघा दुखतो म्हणून तिचे तिकीट माझ्याकडे पडून आहे. नातवालाही घेऊन या, त्याला कडेला कसे उभे राहायचे ते दाखवीन. कन्सोलच्या कठड्यापाशी मी असेन, पांढरे केस आणि काळा टी-शर्ट, चुकणार नाही. दुपारी पोटभर जेवून या, पाणी पिऊन या. सँडल नकोत. नाडीचे बूट घाला.

आपली,
सुलभा पेडणेकर
डोंबिवली (पूर्व)